अँजिओप्लास्टीनंतरचा महिना : पैसे कुठे लागतात, मित्र कुठे लागतात

अँजिओप्लास्टीचं पॅकेज आपण चार रुग्णालयांत विचारतो, मेडिक्लेमच्या एजंटला फोन करतो, ओळखीच्या डॉक्टरांकडून दुसरं मत घेतो. घरी आल्यानंतरच्या महिन्यात काय लागेल, हा प्रश्न मात्र डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या रांगेत उभं असताना पडतो. मुलगा बंगळुरूला किंवा न्यू जर्सीत, घरी दोघंच किंवा एकटंच माणूस. मग घाबरून अटेंडंट पुरवणाऱ्या ब्युरोचा माणूस महिन्याच्या बोलीवर ठरवला जातो, भाड्याने पलंग येतो, दोन वेळचा डबा लागतो. यातलं बरंचसं अनावश्यक असतं. जे आवश्यक असतं त्यातलं बरंच मित्र करू शकतात, आणि ब्युरोपेक्षा चांगलं करतात.

हा हिशेब फक्त ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीचा आहे. म्हणजे चढ चढताना छातीवर दडपण येत होतं, अँजिओग्राफीत एक ब्लॉक दिसला, मनगटातून तार घालून एक स्टेंट बसवला, एक-दोन दिवसांत घरी. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा बायपास झाली असेल, तर मुदती आणि खर्च दोन्ही वेगळे.

रुग्णालयाचं बिल

पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत एका स्टेंटच्या पॅकेजसाठी साधारण दीड ते तीन लाख रुपये धरून चाला. खोली वरच्या वर्गाची घेतली की नुसतं खोलीभाडं वाढत नाही. बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची फी आणि इतर दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर विमा कंपनी बाकीच्या अनेक रकमांनाही त्याच प्रमाणात कात्री लावू शकते. दोन रात्रींच्या स्वतंत्र खोलीसाठी पन्नास-साठ हजार खिशातून गेले, असं होतं ते यामुळे.

स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. त्याआधी एकेका स्टेंटला लाखाच्या वर पैसे मोजावे लागत. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची मर्यादा २०२५ च्या एप्रिलपासून सुमारे ३९ हजार रुपये आहे, कर वेगळा. ही मर्यादा देशी-परदेशी सगळ्या स्टेंटना लागू आहे, त्यामुळे ‘इम्पोर्टेड’ म्हणून जास्त पैसे मागण्याला आधार नाही. बिलात स्टेंट, बलून, कॅथेटर आणि गाइड वायर यांची किंमत वेगवेगळी दाखवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. ‘कन्झ्युमेबल्स’ या एका ओळीत सगळं कोंबलेलं असेल तर तपशील मागा. स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर फाइलमध्ये लावलेलं असतं. त्यावरचा बॅच नंबर आणि बिलातला नंबर ताडून पाहा.

बलून आणि कॅथेटरला अशी कमाल किंमत ठरवलेली नाही आणि पाणी तिथेच मुरतं. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. म्हणून इस्टिमेट घेताना ‘पॅकेजमध्ये बलून किती धरलेत आणि जास्त लागला तर काय दराने?’ हा प्रश्न आधीच विचारावा. हे काम रुग्णाचं किंवा त्याच्या बायकोचं नाही. ती दोघं त्या वेळी हो-हो म्हणत असतात. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये आयुष्य काढलेला एखादा मित्र सोबत न्या. त्याला समोरच्याचं ‘घाबरू नका, सगळं यात आलं’ पुरत नाही.

ऑपरेशन ठरवून होणार असेल तर एक दिवस योजनांच्या चौकशीला द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डासह राज्यातल्या सगळ्या कार्डधारकांना खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. अँजिओप्लास्टी तिच्यात बसते, पण रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि मंजुरी आधी मिळाली पाहिजे. रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. वय सत्तर पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं. आणि रुग्णालय धर्मादाय न्यासाचं असेल तर दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखून ठेवणं त्याला बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जावं लागतं. चकरा होतात, आणि त्या चकरा मित्रांनी मारायच्या असतात.

घरी आल्यावर

मनगटातून झालेल्या अँजिओप्लास्टीनंतर माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरात फिरतो. त्याला उठवायला, भरवायला, आंघोळ घालायला माणूस लागत नाही. त्याला नको असतं ते वजन आणि स्टिअरिंग. साधारण आठवडाभर त्या हाताने पाण्याची बादली, बाजाराची पिशवी किंवा सूटकेस उचलायची नाही. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो. तो सरकवायचाही नाही. गाडी कधी चालवायची हे डॉक्टर सांगतील. बहुतेकांना आठवडाभर थांबायला सांगतात. जांघेतून प्रक्रिया झाली असेल तर जिने आणि उकिडवं बसणंही काही दिवस बेताने.

आता ब्युरोचा हिशेब मांडा. बारा तासांच्या माणसाला शहर आणि ब्युरोप्रमाणे दिवसाला ७०० ते १,००० रुपये, चोवीस तासांचा असेल तर त्याहून जास्त आणि शिवाय जेवण. महिन्याला वीस-तीस हजार गेले. ब्युरोचं रजिस्ट्रेशन वेगळं, आणि ते परत मिळत नाही. हे पैसे साधारणपणे मेडिक्लेममध्ये बसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे : इतर गंभीर आजार नसलेल्या, हिंडत्या-फिरत्या माणसाला महिन्याचा अटेंडंट लावणं हा पैशांचा अपव्यय आहे. पहिल्या दोन-तीन रात्री घरात दुसरं माणूस हवं, एवढंच. एकटं राहणाऱ्याकडे मित्र झोपायला आले तर काम भागतं. वय जास्त असेल, तोल जात असेल, घरातलं दुसरं माणूसही आजारी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ब्युरोचा माणूस घ्या, पण दिवसांच्या बोलीवर.

मित्रांची अडचण अशी की मदत करायची सगळ्यांची इच्छा असते आणि सगळे एकाच संध्याकाळी शहाळी घेऊन येतात. घरची बाई चहा करून थकते, पेशंट बोलून थकतो. शहाळ्याबद्दल एक : रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. त्यामुळे रोज शहाळं चालेल का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवीभर आणू नका. शाळेच्या किंवा कॉलनीच्या ग्रुपवर एकाने सूत्रं हातात घ्यावीत आणि कामं वाटून द्यावीत. रात्री झोपायला कोण, आठव्या दिवशी तपासणीला गाडी कोणाची, सिलिंडर आणि दळण कोण आणणार. डबा आळीपाळीने द्यायचा असेल तर कमी मिठाचा आणि कमी तेलाचा; लोणचं-पापड ‘नुसती चव घ्यायला’ म्हणूनही नको. विकतचा एक वेळचा डबा महिन्याला तीन-चार हजारांना पडतो, पण त्यात मीठ किती हे आपल्या हातात नसतं.

मित्राची खरी किंमत कळते ती चालण्यात. हृदयाच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम मोठ्या रुग्णालयांत असतो, साधारण बारा आठवड्यांचा, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. तो परवडत आणि जमत असेल तर जरूर घ्या. ब्युरोवर वाचलेले पैसे इथे घाला. घरी येणारा फिजिओ एका खेपेला पाचशे ते हजार घेतो. दोन-तीन खेपांत तो व्यायाम शिकवून देऊ शकतो, पुढे सोबतीला मित्र. वेग किती? चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. एकटा माणूस हे मोजत नाही, एकतर भीतीने घराबाहेर पडत नाही किंवा ‘मला काही झालेलं नाही’ हे दाखवायला धावत सुटतो. सुरुवात सपाटीवर करा. मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा आहे, एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास. दमलं की बसायला जागाच जागा. पुण्यातल्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि वेताळ टेकडी डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत राहू द्याव्यात. आणि फिरून झाल्यावर मिसळ खायला जाणाऱ्या ग्रुपने तीन महिने पोह्यांवर यावं, तेही सोबत म्हणून. टपरीवर ज्याच्याबरोबर सिगारेट ओढली जायची त्या मित्राने निदान समोर पेटवू नये.

काही जणांना या काळात झोप लागत नाही, चिडचिड होते, छातीत जरा खुट्ट झालं की घाम फुटतो. घरच्यांना सांगितलं तर ते घाबरतील म्हणून सांगत नाहीत, मित्राला सांगतात. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरलं नाही तर मित्राने ते पोटात न ठेवता पुढच्या तपासणीत डॉक्टरांच्या कानावर घालायला लावावं.

गोळ्या

इथे काटकसर करायची नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या मिळतात : ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला बहुधा क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत दोन्ही साधारण सहा महिने, पुढे एक कायम. नेमकी मुदत तुमचे हृदयरोगतज्ज्ञच ठरवतात. मधेच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन थेट हार्ट अटॅक येऊ शकतो. ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रुपयाच्या आत येते. दुसरी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र ब्रँडप्रमाणे बरीच महाग-स्वस्त असते. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात भाव पाहा, फरक मोठा दिसेल. पुढची पाकिटं संपण्याच्या आठवडाभर आधी आणा.

दात काढायचा असेल तर दंतवैद्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. गुडघा दुखतो म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन घेऊ नका. ब्लॉकेज विरघळवणाऱ्या काढ्याचे मेसेज ग्रुपवर टाकणाऱ्या मित्राला थोडे दिवस दळण आणायचं काम द्यावं.

पावत्या आणि उसनवारी

बहुतेक पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरच्या साठ किंवा नव्वद दिवसांची औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी परत मिळते. हे हजारो लोक मागतच नाहीत. औषध आणायला मित्र गेला तर बिलावर रुग्णाचं नाव घालून घ्यायचं. मित्राच्या नावाचं बिल बाद होतं. चिठ्ठी, बिल, रिपोर्ट एका पाकिटात. डिस्चार्जची कॅशलेस मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असा मे २०२४ पासून नियम आहे. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यासाठी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा आहे. घड्याळ बघणारा मित्र काउंटरवर बसवा.

मित्रांनी पैसे उभे केले तर ते बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत. रोखीने वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि एका बिलापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रुग्णालयही घेऊ शकत नाही. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. नातेवाइकांकडून मिळालेल्या पैशांवर कर नाही, पण मित्र कायद्याने नातेवाईक नाहीत. त्यांच्याकडून वर्षभरात मिळून पन्नास हजारांच्या वर भेट म्हणून घेतले, तर ती सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणून परत करायचे असतील तर ‘उसने’ असा साधा कागद दोघांच्या सह्यांनी करून ठेवा. मैत्रीत कागद कशाला, असं कोणी म्हणालं तर कायदा सांगा. ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करप्रणालीत रोखीशिवाय केलेल्या औषधोपचाराच्या खर्चावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. तेवढ्यासाठीही पावत्या जपाव्यात.

आणीबाणी

सोबत झोपणाऱ्या आणि चालणाऱ्या प्रत्येक मित्राला हे सांगून ठेवा. मनगटातून रक्त आलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा, हात वर करा, थांबत नसेल तर रुग्णालय गाठा. जांघेतून आलं तर आधी आडवं करा आणि दाबून धरा. छातीत दुखलं आणि डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर ती बसवून द्या, उभ्याने नाही. लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिलसारखं औषध घेतलं असेल तर ती गोळी देऊ नका. दुखणं पाच मिनिटांत कमी झालं नाही, घाम फुटला किंवा दम लागला, तर रुग्णाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. १०८ वर फोन करा. महाराष्ट्रात या रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत.