‘झेनिथ’ची भरारी

इ. स. १८७५ च्या एप्रिल महिन्याची १५ तारीख. दुपार होण्यास थोडाच अवकाश असताना पॅरिस शहरातून ‘झेनिथ’ नावाचे एक बलून आकाशात चढू लागले. त्याच्या टोपलीत तिघे फ्रेंच संशोधक होते : क्रोसे-स्पिनेल्ली, सिव्हेल आणि गास्तों तिसांदिए. पहिले दोघे आदल्याच वर्षी ७,००० मीटरांहून उंच जाऊन सुखरूप परतले होते. उंचावरील हवा विरळ असते, हे ते जाणून होते. म्हणून प्राणवायुमिश्रित हवेच्या तीन पिशव्या त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. एवढा प्राणवायू तिघांना पुरणार नाही, असे पॉल बेर या शास्त्रज्ञाने पत्राने कळविले होते. पण ते पत्र फार उशिरा आले.

वास्तविक हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचावरही सुमारे एक-पंचमांशच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी वायुभारमापकातील पारा ७६० मिलिमीटर उंच राहतो; ८,००० मीटरांवर तो २७० च्या आसपास उतरतो. त्यामुळे एका श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर येतो आणि तो फुप्फुसांतून रक्तात जाण्याचा वेगही मंदावतो. हृदय जलद धडधडू लागते, श्वास खोल होतो. तरी मेंदूची उपासमार टळत नाही.

आणि येथेच मोठी फसगत होते. नाक-तोंड दाबून धरले म्हणजे आपण कासावीस होतो, ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वायू साचल्यामुळे. उंचावर तो उच्छ्वासाबरोबर सहज बाहेर पडतो. म्हणून जीव गुदमरत नाही. उलट, मन प्रसन्न होते! धोका ओळखणारी बुद्धीच आधी मंदावते. मग धोका ओळखावा कोणी?

त्या दिवशी नेमके हेच घडले. वाळूच्या पिशव्या टाकू का, असे सिव्हेलने विचारले. सोबत्यांची हरकत नव्हती. त्याने दोऱ्या कापल्या; बलून भराभर वर गेले. कसलेच भय वाटेनासे झाले होते, असे तिसांदिएने पुढे लिहिले. प्राणवायूची नळी तोंडाशी धरावी असे त्याच्या मनात आले, पण हात उचलेना. मापकाचा काटा ८,००० मीटरांची खूण ओलांडीत होता. ते ओरडून सांगावे, तर जीभ हलेना. तो बेशुद्ध पडला. काही वेळाने बलून खाली येऊ लागले, तेव्हा क्रोसे-स्पिनेल्लीने उरलेले ओझे बाहेर फेकले. ज्या उतरण्याने प्राण वाचले असते, तेच त्याने थांबविले! बलून पुन्हा उंच गेले. साडेतीनच्या सुमारास तिसांदिएने डोळे उघडले, तेव्हा दोघेही सोबती गतप्राण झाले होते. तो स्वतः वाचला, पण त्याची श्रवणशक्ती गेली.

मग १९७८ साली मेसनर आणि हाबेलर हे दोघे गिर्यारोहक प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून ८,८४९ मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर कसे पोचले? ते कित्येक आठवडे डोंगरात राहून थोडेथोडे वर चढत होते. तेवढ्या अवधीत शरीर श्वासाची चाल बदलते, रक्तातील तांबड्या पेशी वाढविते. ‘झेनिथ’ने आपल्या प्रवाशांना ८,००० मीटरांवर नेले, ते अवघ्या दोन तासांत.