शिडीवरील सुरक्षितता : बांधकाम क्षेत्रातील दुर्लक्षित बाब

बंगळुरूमध्ये रंगकाम, वीजजोडणी, गिलावा अशा कामांसाठी कलबुर्गी, रायचूर, यादगीर या जिल्ह्यांतून मजूर येतात. बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. पुढे तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आला. मात्र १९९६ चा कायदा १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरताच होता. दोघा-तिघांकडून करवून घेतलेले घराचे रंगकाम त्याच्या कक्षेबाहेर राहिले. अशा ठिकाणी शिडीचे शास्त्र जाणणे अधिकच अगत्याचे ठरते.

भिंतीला टेकविलेल्या शिडीची उंची ४ मीटर असल्यास तिचा पाया भिंतीपासून १ मीटर दूर असावा. हा कोन सुमारे ७५ अंशांचा होतो. पाया याहून दूर गेल्यास शिडी खालून घसरते. जवळ आल्यास मजुरासह मागे कलंडते. गच्चीवर चढावयाचे असल्यास शिडी कठड्यावर १ मीटर निघालेली व वरच्या टोकाला बांधलेली असावी. चढताना दोन पाय व एक हात, अथवा दोन हात व एक पाय, सदैव शिडीवर असावेत. साहित्य दोराने ओढून घ्यावे. लाकडी शिडीला रंग देऊ नये, कारण त्याखाली तडे झाकले जातात. वीजतारांजवळ ॲल्युमिनियमची शिडी वर्ज्य होय.

कमावता मजूर जायबंदी झाल्यास गावाकडील कुटुंबाचा आधार तुटतो. म्हणूनच भक्कम शिडी पुरविणे हे घरमालक व कंत्राटदार या दोघांचेही कर्तव्य आहे.