खोडदचे कान

आपल्या मानकोलीहून कल्याण, मुरबाड आणि माळशेज घाट ओलांडून नारायणगावला गेले, की जवळच खोडद हे गाव लागते. तेथे शेतांच्या मधोमध प्रचंड जाळीदार तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही आहे महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ती उभारली. २००२ पासून ती जगभरच्या संशोधकांसाठी खुली झाली.

या दुर्बिणीला डोळा लावून काही दिसत नाही. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. म्हणून तिला डोळा म्हणण्यापेक्षा कान म्हणणे बरे! तबकड्या एकूण ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ जवळजवळ आहेत, तर १६ तबकड्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तबकडी फिरवायला प्रत्येक ठिकाणी माणूस धावत नाही. नियंत्रण कक्षातील संगणकावरून हुकूम सुटतो. केसासारख्या बारीक काचतंतूंतून तो तबकडीपर्यंत पोहोचतो आणि सगळ्या तबकड्या एकाच दिशेला वळतात. त्यांनी टिपलेल्या लहरीही काचतंतूंतूनच कक्षाकडे परततात.

पण दुर्बीण एक आणि मागणारे अनेक! आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच असला की काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. खोडदला धक्काबुक्की चालत नाही. संशोधकाने आपला प्रश्न लिहून अर्ज करायचा. तज्ज्ञांची समिती अर्ज तपासते आणि वेळ वाटून देते. अर्जदार कोणत्या देशाचा आहे यापेक्षा त्याचा प्रश्न किती मोलाचा आहे, हे पाहिले जाते. मला ही पद्धत फार आवडते.

जमवलेली माहिती संगणकाच्या जाळ्यातून दूर पाठवता येते. कॅनडा आणि बंगळूर येथील संशोधकांनी या दुर्बिणीच्या साह्याने एका दीर्घिकेतील हायड्रोजनची लहर ओळखली. ही बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली. ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. निघताना तिची लांबी २१ सेंटिमीटर होती. विश्व पसरत असल्यामुळे येथे पोहोचेपर्यंत ती ताणली जाऊन सुमारे ४८ सेंटिमीटर झाली!

पूर्वी विद्वानांनाच यंत्रापाशी जावे लागे. १२५९ मध्ये नसीरुद्दीन तूसी यांनी इराणात मराग़ा येथे रसदगाह उभारली, तेव्हा दूरदूरचे विद्वान तेथे येऊन राहिले. आज लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तेथे हवा विरळ आणि थंडी कडाक्याची. म्हणून ती बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहाच्या साह्याने चालवली जाते.

खोडदला मात्र एक वेगळीच अडचण आहे. आकाशातून येणारी लहर अतिशय क्षीण असते. जवळपासचा एखादा मोबाइल किंवा ठिणग्या उडवणारी विजेची तार तिला सहज बुडवून टाकते. डोंगरांचा आडोसा आणि शांतता पाहूनच ही जागा निवडली होती. आता त्या परिसरातही मोबाइलचे मनोरे आले आहेत. गावकऱ्यांना फोन हवा आणि दुर्बिणीला शांतता हवी.

शब्दार्थ : वेधशाळा – रसदगाह; दीर्घिका – कहकशाँ; लहर – मौज; क्षीण – कमज़ोर; आडोसा – आड़

प्रश्न :
१. खोडदच्या दुर्बिणीला लेखक ‘कान’ का म्हणतो?
२. हानलेची दुर्बीण दुरून का चालवावी लागते?
३. ‘गावकऱ्यांना फोन हवा आणि दुर्बिणीला शांतता हवी.’ यावर तुम्ही कोणता मार्ग सुचवाल? पाच वाक्ये लिहा.