आधी लिहून दे

कोथरूड, पुणे

चि. सोनूस,


महारेराची परीक्षा पास झालीस आणि एजंट म्हणून नोंदणीही झाली, हे ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. आमच्या वेळी या धंद्यात यायला एक डायरी, एक स्कूटर आणि चार ओळखी एवढं भांडवल पुरायचं. नोंदणी आली ती २०१७ पासून. प्रशिक्षण आणि परीक्षा तर २०२३ पासून. तुला अभ्यास करून यावं लागलं, हे तुझ्या पथ्यावरच पडेल.

तुझे दोन प्रश्न आहेत. वाघोलीत चौकाचौकात एजंट उभे असताना नवख्या मुलीकडे गिऱ्हाईक कशाला येईल? आणि बिल्डरचं माहितीपत्रक रोज एवढ्या लोकांना पाठवूनही कुणी साधं उत्तर का देत नाही? अगं, तेच माहितीपत्रक त्यांना आणखी दहा एजंटांकडून आलेलं असतं. त्यात तुझं असं काय आहे? खाली चिकटवलेला फोन नंबर, बस.

आपला धंदा तोंडी चालतो. ‘पाण्याचं टेन्शनच नाही’, ‘पझेशन दिवाळीला नक्की’, ‘ओसी आलीच समजा’ हे सगळं साइटवर उभ्या उभ्या बोललं जातं, आणि वर्षभराने कोण काय म्हणालं होतं यावरून भांडणं होतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: तू लिहून देत जा. गिऱ्हाइकाने विचारण्याआधी, स्वतःच्या शब्दांत, खाली नाव आणि तारीख घालून. एका विषयावर एक पान. ते फोनवर पाठव, ऑफिसच्या काचेवर लाव, साइटवर आलेल्याच्या हातात दे. तोंडचं बोलणं फिरवता येतं, लिहिलेलं फिरवता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला हे पक्कं ठाऊक असतं.

सुरुवात लहान टापूपासून कर. सगळ्या पुण्यावर लिहायला बसलीस तर वर्तमानपत्रात येतं तेच लिहिशील. तुझा टापू वाघोली. त्यातलाही केसनंद फाटा, आव्हाळवाडी रस्ता, बायफ रोड एवढाच धर. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांत वाघोली होती. नवा माणूस समजतो की गाव महापालिकेत आलं म्हणजे नळाला पाणी आलं. तसं असतं तर टँकर दिसलेच नसते. तेव्हा तुझ्या टापूतल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला भेट. नळाचं पाणी किती येतं, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो की वेगळा घेतात, हे विचार आणि लिही. हे कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, आणि घर घेणारी बाई साइटवर पहिल्यांदा हेच विचारते.

मेट्रोचंही तसंच. ‘मेट्रोपासून पाच मिनिटं’ असं वाघोलीच्या जाहिरातीत वाचलं की मला हसू येतं. वनाजहून निघालेली मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत धावते. रामवाडी ते वाघोली या पुढच्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. मंजूर होणं वेगळं, खांब उभे राहणं वेगळं आणि गाडी धावणं वेगळं. या तिन्हींतली कुठली पायरी आज आहे, तेवढंच लिही. ‘खराडीच्या आयटी पार्कपासून दहा मिनिटं’ हे रविवारी सकाळी सहा वाजता खरं असेलही. तू मात्र सोमवारी सकाळी नऊला स्वतः गाडी काढ आणि किती वेळ लागला ते लिही.

दुसरं पान पैशांचं. लोक फ्लॅटची किंमत विचारतात आणि तेवढ्याच आकड्यावर घरी हिशेब मांडतात. समज, बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट आहे, महापालिका हद्दीत, पुरुषाच्या नावावर. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४,२०,००० रुपये. नोंदणी फी ३०,०००. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३,००,०००. झाले वरचे साडेसात लाख, आणि त्यात मेंटेनन्सचं आगाऊ, वकिलाची फी, कर्जाचा खर्च अजून धरलेलाच नाही. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, म्हणजे ६०,००० वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ती सूट नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं घर असेल तर जीएसटी लागत नाही. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने ठरवलेली, किंमत करारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाली तर मुद्रांक शुल्क त्या जास्त रकमेवर भरावं लागतं. घर ५० लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. तो वरचा खर्च नाही, बिल्डरला द्यायच्या रकमेतूनच कापायचा. पण हे आधी माहीत नसलं की ऐन वेळी धावपळ होते. असा हिशेब एका पानावर मांडलास तर नवरा-बायको रात्री जेवण झाल्यावर तो कागद मध्ये घेऊन बसतील, आणि त्यावर तुझं नाव असेल. दर मात्र बदलतात. रेडी रेकनरचे नवे दर यायचे असतील तर ते बहुधा १ एप्रिलला येतात. म्हणून प्रत्येक पानावर तारीख हवीच. दर बदलला की जुनं पान गुपचूप पुसू नकोस. ‘अमुक तारखेपासून बदल’ असं लिहून नवं दे.

क्षेत्रफळ लिहिताना फक्त कार्पेट लिहायचं. सुपर बिल्टअपचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात जिन्याचा, लॉबीचा, लिफ्टचा वाटा घातलेला असतो, आणि तो किती घालायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्या स्पष्ट आहे: भिंतींच्या आतली वापरायची जागा, आतल्या खोल्यांमधल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडून. दोन साइटची तुलना करायची असेल तर दोन्हींचे कार्पेट चौरस फूट शेजारी शेजारी लिही. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट; करारात मीटर असतात आणि लोकांच्या डोक्यात फूट, तेव्हा ते गणितही तूच करून दे.

आता कायद्याची बाजू, कारण तुझ्या वयात ‘मी फक्त मेसेज पाठवला’ असं वाटणं साहजिक आहे. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी रुंद आहे की कुठल्याही माध्यमातलं पत्रक, सूचना, कागद, प्रसिद्धी सगळं तिच्यात बसतं. तुझा फोनवरचा मेसेजही. प्रकल्पाची जाहिरात करशील तिथे महारेराचा नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा झालेला क्यूआर कोड असलाच पाहिजे. सोबत तुझा स्वतःचा, ‘ए’ने सुरू होणारा क्रमांक. नोंदणी लागते पण झालेली नाही अशा प्रकल्पाची ‘प्री-लाँच ऑफर’ कुणी तुझ्याकडे आणेल. ब्रोकरेजही जास्त देऊ करेल. हात लावू नकोस. अशा प्रकल्पात व्यवहार जुळवून देण्याची एजंटला मनाई आहे, आणि नियम मोडला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, एकूण घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. गिऱ्हाइकालाही एक गोष्ट लिहून दे: नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज टोकन दिलं नाही तर रेट वाढेल’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्या माणसाला या एका ओळीने केवढा धीर येतो, ते तुला दिसेलच.

एक गोष्ट फार कमी एजंट लिहितात. तू पहिल्या पानापासून लिही. तुला पैसे कोण देतं? नव्या प्रकल्पात ब्रोकरेज बहुतेक बिल्डर देतो, गिऱ्हाईक नाही. म्हणजे तू कितीही प्रामाणिक असलीस तरी एखाद्या साइटवर तुला जास्त मिळणार आणि दुसरीवर कमी. गिऱ्हाईक हे विचारत नाही, पण त्याच्या मनात ते असतंच. म्हणून सरळ लिही: ‘या प्रकल्पात माझं ब्रोकरेज बिल्डर देतो. रिसेलमध्ये ते तुम्ही देता, आणि दर आधी लेखी ठरतो.’ मैत्रिणी म्हणतील, हे सांगून गिऱ्हाईक बिचकेल. काही बिचकतील. जे थांबतील त्यांच्याशी मग ब्रोकरेजवरून शेवटच्या दिवशी घासाघीस करावी लागत नाही.

पहिलं वर्ष विक्रीवर निघेलच असं नाही; घर चालेल ते भाड्याच्या व्यवहारांवर. तिथेही लिहायला खूप आहे. ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला?’ हे घरमालक हमखास म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. घरमालकाला हे वाचायला दिलंस की तो स्वतःहून अंगठा द्यायला तयार होतो. बाकी ‘फक्त अमुक जातीचे’, ‘अमुक धर्माचे नकोत’ अशा अटी काही मालक सांगतील. मालकाच्या मनावर तुझा इलाज नाही, पण तुझ्या नावाच्या कागदावर ती ओळ येता कामा नये.

भाषेबद्दल थोडं. मराठीत लिही, बोलतेस तसं. ‘ड्रीम होम’, ‘लक्झुरियस लाइफस्टाइल’, ‘फक्त दोनच फ्लॅट शिल्लक’ असली वाक्यं वाचणाऱ्याला तोंडपाठ झाली आहेत. ती दिसली की तो पुढे सरकतो. मथळ्यात गिऱ्हाइकाचा प्रश्नच घाल: ‘वाघोलीत पाणी कुठून येतं?’, ‘६० लाखांचं घर हातात केवढ्याला पडतं?’ फोटो स्वतः काढ. संगणकावर केलेलं चित्र वापरलंस तर खाली तसं लिही. घराची उणीवही लिही: बेडरूम पश्चिमेची आहे, दुपारी तापते; समोरच्या प्लॉटवर उद्या इमारत उभी राहू शकते. तिथे राहायला गेल्यावर त्याला हे कळणारच आहे. मग ते आधी तुझ्याकडून कळलेलं बरं. दुसऱ्या एजंटाचं वाईट लिहू नकोस, आणि कुणाच्या व्यवहाराचा किस्सा त्याला विचारल्याशिवाय, ओळखू येईल असा सांगू नकोस.

तुझी हद्दही कागदावरच सांग. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू, बांधकाम परवानगी, ओसी यांत काय पाहायचं आणि ते कुठे मिळतं, हे तू सांगू शकतेस, सांगच. पण टायटल स्वच्छ आहे की नाही, हे म्हणायचं काम सर्च घेणाऱ्या वकिलाचं. ‘मी पाहिलंय, काही काळजी नको’ हे वाक्य कधी लिहू नकोस आणि बोलूही नकोस.

तुला वाटेल, एवढं सगळं फुकट दिलं तर लोक माहिती घेऊन थेट बिल्डरकडे जातील. काही जातीलच. पण साठ-सत्तर लाखांचं, वीस वर्षांच्या हप्त्यांचं घर घेणाऱ्या माणसाला माहितीइतकाच सोबतीला कुणी तरी लागतो, आणि ज्याने हिशेब मांडून दिला त्यालाच तो दुसऱ्यांदा फोन करतो. हे महिन्याभरात होणार नाही. आठवड्याला एक पान धर आणि तेवढं चुकवू नकोस. उत्साहात एका दिवशी पाच पानं आणि मग दिवाळीपर्यंत शुकशुकाट, असं नको.

पहिलं पान पाण्यावर लिही. येत्या रविवारी केसनंद फाट्याजवळच्या निदान दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींना गाठ, त्यांनी सांगितलेले आकडे त्यांनाच परत वाचून दाखव, आणि कच्चा कागद मला पाठव. लाल पेन काढून ठेवलं आहे. मामी विचारते, ऑफिसची पूजा कधी करणार? ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा