काचपेटीतील तण

शेतात हरळी माजली की शेतकरी चिंतेत पडतो. ती वरवर उपटली तर तिचे तुकडे मातीत राहतात आणि एकेका पेरातून नवा कोंब फुटतो. समुद्रातही असाच एक चिवट जीव आहे. मात्र तो वनस्पती नसून प्राणी आहे.

अनेक देशांतील हौशी लोक घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी ठेवतात. दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार मिसळून ते समुद्रासारखे पाणी तयार करतात. त्यात रंगीबेरंगी मासे, प्रवाळ आणि सच्छिद्र खडक ठेवतात. समुद्रातून आलेल्या खडकांच्या छिद्रांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. ते पाणी शुद्ध राखण्यास मदत करतात. परंतु त्यांच्याबरोबर कधी कधी एखादा नको असलेला पाहुणाही घरात शिरतो.

एके दिवशी खडकाच्या फटीत एक इवलेसे तपकिरी फूल डोलताना दिसते. पाहणाऱ्याला मोठे कौतुक वाटते. पण ते फूल नव्हे! तो ऐप्टेशिया नावाचा समुद्रफुलाच्या जातीचा प्राणी होय. त्याच्या पाकळ्यांसारख्या तंतूंत दंश करणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. शेजारच्या प्रवाळाला त्यांचा वारंवार दंश होतो, व प्रवाळ हळूहळू मरू लागते. शिवाय या प्राण्याच्या शरीरात सूक्ष्म शैवल राहते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्यातील वाटा आपल्या यजमानास देते. त्यामुळे केवळ उपासमारीने हा शत्रू सहसा हटत नाही.

मग कोणी रागाने चाकू घेऊन त्याला खरवडून काढतो. येथेच चूक होते! त्याच्या तळव्याचा लहानसा तुकडा जरी खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा प्राणी तयार होतो. काही आठवड्यांनी पाहावे, तो एकाच्या जागी अनेक फुले डोलत असतात.

तेव्हा येथे बळापेक्षा बुद्धी उपयोगी पडते. जाणकार माणसे पिचकारीने त्याच्या मुखावर चुन्याचा दाट लगदा सोडतात. मात्र चुना फार झाला तर माशांनाही अपाय होतो; म्हणून एका वेळी थोड्याच प्राण्यांवर हा उपाय करतात. दुसरा उपाय निसर्गानेच दिला आहे. लाल पट्ट्यांची एक लहान कोळंबी या प्राण्याला खाते. बर्गिया नावाची शंख नसलेली सागरी गोगलगाय तर त्याच्यावरच जगते. शत्रू संपला की तिचे अन्नही संपते. म्हणून काम झाल्यावर तिला अशाच दुसऱ्या मत्स्यपेटीत पोहोचवणे योग्य ठरते.

नको वाटणारा प्रत्येक जीव शत्रू नसतो, हेही लक्षात ठेवावे. रात्री खडकातून केसाळ किडे बाहेर येतात. त्यांच्या केसांनी हाताची आग होते, म्हणून त्यांना हात लावू नये. पण त्यांतील बहुतेक जाती उरलेले अन्न व मेलेले जीव खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. आपण माशांना भरमसाट अन्न घातले, की त्यांची संख्या वाढते. तेथे दोष किड्यांचा नसून आपल्या हाताचा असतो.

पेटी नकोशी झाली, तरी तिच्यातील जीव समुद्रात सोडू नयेत. मत्स्यपेट्यांत शोभेसाठी वाढवले जाणारे कॉलर्पा नावाचे शैवल १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात आढळले. त्याच्या तुकड्यांतूनही नवी वाढ होते. पाहता पाहता ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरले. २००० साली ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिसले. तेथील लोकांनी मात्र लगेच त्यावर ताडपत्र्या अंथरल्या, आत क्लोरीन सोडला आणि अनेक वर्षे टेहळणी केली. २००६ साली त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

म्हणून नवा खडक पेटीत ठेवण्यापूर्वी तो काही आठवडे वेगळ्या पाण्यात ठेवून नीट पाहावा. तण लहान असतानाच ओळखावे, ओळखल्यावर विचार करावा, आणि मगच हात घालावा.

स्वाध्याय
१. ऐप्टेशियाला हरळीची उपमा का शोभते?
२. केसाळ किड्यांची संख्या वाढली, तर दोष कोणाचा? का?
३. कॅलिफोर्नियातील लोकांना यश का मिळाले असावे, ते तुमच्या शब्दांत लिहा.