मैफलीनंतरचा तास

लग्नानंतर पहिल्यांदाच दोघं मिळून गाण्याला जायचं म्हणतोयस, तेही आडवारी, ऑफिस सुटल्यावर. जरूर जा. पण तिकीट काढण्याआधी मावशीचं एवढं ऐक. अशा संध्याकाळचा खरा ऐवज मैफल सुटल्यानंतरच्या तासाभरात असतो. आत दोन-अडीच तास तुम्ही एकमेकांशी चकार शब्द बोलणार नाही. मनात जे साठेल त्याला बाहेर पडायला वेळ लागतो आणि चालायला रस्ता लागतो. तो तास आधी राखून ठेव, बाकीचं सगळं त्याच्या हिशेबाने ठरव.

म्हणून पहिल्या खेपेला संमेलन नको. चार-चार कलाकार, मध्ये सत्कार, भाषणं, आणि शेवटचा गवई बसेपर्यंत तिचा जीव घड्याळाकडे. एकाच कलाकाराची बैठक निवड. तिला शास्त्रीय संगीताची सवय नसेल तर वाद्यापेक्षा गाणं बरं, असं माझं मत आहे. ऐकणाऱ्याला धरायला शब्द मिळतात. ख्यालानंतर ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग होणार असेल तर आणखी चांगलं.

जागा म्हणशील तर मी डोळे मिटून एनसीपीएचं टाटा थिएटर सांगेन. नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून. 1980 साली ते उघडलं, आणि आपलं संगीत डोळ्यांसमोर ठेवूनच ते बांधलं होतं. आराखडा फिलिप जॉन्सन या अमेरिकी वास्तुकाराचा, आवाजाचं गणित सिरिल हॅरिस यांचं. खुर्च्या पंख्यासारख्या पसरत गेल्या आहेत, त्यामुळे हजारभर माणूस बसूनही मागचा श्रोता गवयापासून फार लांब पडत नाही. तिथे कार्यक्रम वेळेवर सुरू होतो. उशीर झाला तर दाराशी ताटकळावं लागतं आणि पहिला आलाप हातचा जातो. ऑफिसातून अर्धा तास लवकर निघायची परवानगी आदल्या दिवशीच मागून ठेव.

जागा घेताना मधली रांग आणि मध्यापासून थोडी उजवीकडची जोडी बघ. तबलजी बहुधा गवयाच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि गवयाकडे वळून. उजवीकडून त्याचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतात. पेटीवाल्याची पाठ दिसली तरी चालेल. गवई एखादी अवघड जागा घेऊन समेवर येतो तेव्हा त्याची आणि तबलजीची नजर कशी भेटते, हे पाहण्यासारखं असतं.

आणि ही सम तिला आधी समजावून सांग. एवढीच गोष्ट सांग, बाकी काही नाही. विलंबित एकतालाला मात्रा बारा, पण संथ लयीत एक आवर्तन पुरं व्हायला कधी कधी मिनिटभर जातं. त्या मिनिटात गवई कुठे कुठे फिरून येतो आणि बंदिशीचा तोच मुखडा घेऊन बरोबर पहिल्या मात्रेवर उतरतो. तिला म्हण, तो मुखडा ओळखून ठेव आणि तो परत कधी येतो याची वाट बघ. पहिल्या पाच-सहा आवर्तनांत कदाचित चुकेल. मग एकदा मुखडा उचलला जाईल, तिला आधीच कळेल, आणि समेला तुमच्या दोघांच्या माना एकदम हलतील. अरे, शेजारी बसून एकाच क्षणाची वाट पाहायची आणि तो एकत्र गाठायचा, याहून जवळीक ती कुठली! तिचा हात हातात असेल तर तिच्या बोटांवरच तुला कळेल की तिला सम सापडली.

मात्र कानात कुजबुजून राग समजावत बसू नकोस. हा मारवा, हा कोमल ऋषभ, हे किराणा घराण्याचं, ते जयपूरचं. माहिती खरी असते, पण ऐकणाऱ्याच्या आणि सुरांच्या मध्ये ती येऊन बसते. किशोरीताई आमोणकरांना मैफलीत श्रोत्यांची चुळबुळ खपत नसे. पुष्कळांना तो करारीपणा वाटे. मला त्यांचं म्हणणं पटायचं. तिने काही विचारलं तर हात दाबून ‘नंतर’ एवढंच सांग. नंतरच्या तासाला तेवढीच शिदोरी होते. फोन तर दोघांचेही बंद. रेकॉर्डिंग करू नकोस, स्टेजचा फोटोही नको.

वेळेचंही ध्यान ठेव. साडेसहाला सुरू होणाऱ्या बैठकीत मारवा, पूरिया, पूरिया धनाश्री मिळण्याचा संभव. त्यात सांजवेळची हुरहुर फार असते. सात-साडेसातनंतर यमन, पुढे बागेश्री, बिहाग. पहिल्या भेटीला यमनासारखा दुसरा राग नाही, पण ते आपल्या हातात नसतं. दरबारी, मालकंस असे रात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणं मात्र दुर्मीळ झालंय. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आली आणि रात्रभर चालणाऱ्या मैफली आटोपल्या. तुम्ही दोघं सकाळी उठणारी असाल तर एखाद्या रविवारी प्रातःकालीन मैफल गाठा. ललत, तोडी ऐका आणि गाणं सुटल्यावर अख्खा दिवस तुमचा.

खाण्याचं असं. जाण्याआधी हलकं खा, इडली किंवा सँडविच. रिकाम्या पोटी ख्याल ऐकवत नाही आणि भरल्या पोटी झोप येते. मोठं जेवण मैफलीनंतर ठरवू नकोस. हॉटेलात वाट बघण्यात, मेन्यू वाचण्यात तो राखलेला तास वाया जातो. आतला एसी फार गार असतो, तिच्यासाठी शाल तुझ्या बॅगेत असू दे. दारातून गजरा घेतलास तर आनंदच, अत्तर बेताचं लाव.

भैरवी होईपर्यंत उठायचं नाही. लोक गाडीसाठी उठतात, खुर्च्या वाजतात, तिकडे लक्ष देऊ नका. भैरवी संपली, पडदा पडला, की निवांत बाहेर या आणि टॅक्सी करू नका. समुद्र डाव्या हाताला ठेवून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकट्ट्याने चर्चगेटपर्यंत चालत जा. रमतगमत अर्धा तास. पहिली दहा मिनिटं तीच बोलू दे. तिला काय आवडलं, कुठे कंटाळा आला, कोणती जागा कानात राहिली. कंटाळा आला म्हणाली तर वाद घालू नकोस, कुठे आला ते विचार. वीर नरिमन रोडला वळलात की मग तुझी पाळी. हा रस्ता पूर्वी चर्चगेट स्ट्रीट होता. पन्नास-साठच्या दशकांत इथल्या हॉटेलांतून रात्री जॅझ वाजायचा. वाजवणारे बरेचसे गोव्याचे, आणि त्यांच्यातलेच कित्येक दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमाची गाणी वाजवायचे. हे तिला सांग. तिथेच के. रुस्तमचं आइस्क्रीम आहे, दोन कुरकुरीत वेफर्सच्या मध्ये जाड वडी. वितळायच्या आत भराभर खावं लागतं. दुकान उघडं आहे ना, ते आधी बघून ठेव.

आता गाडी. तुम्ही डोंबिवलीचे, म्हणजे चर्चगेटहून सीएसएमटी गाठायचं. शेवटच्या गाडीवर विसंबू नकोस, तिच्या आधीच्या दोन गाड्यांच्या वेळा लिहून ठेव. भुयारी मेट्रो लोकलच्या पुष्कळ आधी बंद होते, तिच्या भरवशावर राहू नकोस. एवढी धावपळ नको वाटली तर ठाण्याला गडकरी रंगायतनात एखादी नाट्यसंगीताची मैफल बघ. बाहेर पडलात की समोर तलावपाळी. तलावाला एक संथ फेरी मारा, स्टेशन चालत येतं. खर्च कमी, तास तोच.

पुढच्या वेळची निवड तिच्यावर सोपव. तिला गिटार आणि ड्रम्स आवडत असतील तर तूही मनापासून जा. फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरतो. 2011 साली सुरू झाला, परदेशातले मोठे कलाकार येतात. तिथे पुष्कळ वेळ उभं राहावं लागतं, आवाजही मोठा असतो. पायात बूट घाल, स्पीकरपासून लांब उभे राहा, आणि त्या दिवशी समजावून सांगायचं काम तिचं.