आधी पाणी, मग मासे



काही वर्षांपूर्वी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी मी एक काचेची टाकी आणली. रविवारी सकाळी ती धुतली, नळाचे पाणी भरले, खडी टाकली आणि दुपारी बाजारातून बारा गोल्डफिश आणून सोडले. मुले खूश, मीही खूश. बुधवारी दोन मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले. पुढच्या रविवारी टाकीत एकच मासा उरला होता. दुकानदाराने आजारी मासे दिले, असे सगळ्यांचे मत पडले. खरे कारण मला नंतर अभ्यास केल्यावर कळले. मासे निरोगी होते. चूक माझी होती, आणि ती बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात होते. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हा पाठ.

मासे कशाने मेले?

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो. टाकीत मात्र तो साठतो आणि माशांचे कल्ले जाळतो. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण विषारी झालेले असते.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणात माशांना सोसते, आणि पाणी बदलले की कमी होते. हे जिवाणू खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात. त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

पलटण नव्या ठिकाणी जायची असली की आधी ॲडव्हान्स पार्टी जाते. तंबू, पाणी, स्वयंपाकघर, शौचालये यांची सोय झाल्यावरच बाकीचे जवान पोहोचतात. टाकीतले जिवाणू म्हणजे माशांची ॲडव्हान्स पार्टी. मी ती न पाठवता थेट पलटणच नेली होती.

टाकी आणि जागा

सुरुवातीला ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३६ सें.मी. उंच टाकी घ्यावी. तळाशी ४ सें.मी. खडी आणि वर ४ सें.मी. मोकळी जागा सोडली, तर पाण्याची उंची २८ सें.मी. राहते. ६० × ३० × २८ = ५०,४०० घन सें.मी., म्हणजे सुमारे ५० लिटर. काच आणि खडी धरून वजन ७० किलोच्या आसपास जाते. म्हणून टेबल भक्कम आणि सपाट हवे, आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ पत्रा हवा. भरलेली टाकी कधीही उचलू नये. काचेचे सांधे सुटतात.

लहान टाकी सांभाळायला सोपी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे. पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. टेबलावरचा गोल काचेचा वाडगा माशासाठी कोठडीच असते.

टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. पाणी शेवाळाने हिरवे होते. एअर पंप आणि स्पंज फिल्टर एवढी यंत्रे पुरेत. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत झोळासारखी लोंबू द्यावी, म्हणजे ओघळलेले थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतील. टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व स्विच बंद करायचे. हा नियम मोडायला कोणालाही परवानगी नाही.

बेंगळुरूचे पाणी आणि हवा

आपल्या शहरात दोन प्रकारचे पाणी मिळते. एक कावेरीचे, सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेले. दुसरे बोअरचे. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. आपल्यासाठी ते चांगले, पण माशांच्या कल्ल्यांना आणि आपल्या उपयोगी जिवाणूंना ते घातक. उघड्या बादलीत पाणी २४ तास ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवरच्या प्रमाणात घालावेत. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण क्षार जास्त असतात. चालणारे पाणी एकदा ठरवले की तेच वापरत राहावे. आज कावेरी, उद्या बोअर असे करू नये. आर.ओ. यंत्राचे पाणी एकटे वापरू नये, कारण त्यात माशांना लागणारे क्षारच उरत नाहीत.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. मुंबईच्या काकांकडे हीटरशिवाय मजेत राहणारा फायटर मासा इथे थंडीत गारठतो. तेव्हा एक तर हीटर लावा, किंवा इथली हवा सोसणारा मासा निवडा. मी दुसरा मार्ग सुचवतो.

सहा आठवड्यांची तयारी

खडी साध्या पाण्याने धुवून घ्या. साबण अजिबात नको. पाणी भरा, फिल्टर सुरू करा आणि तो रात्रंदिवस चालू ठेवा. रोज चिमूटभर माशांचे खाद्य रिकाम्या टाकीत टाका. ते कुजून अमोनिया होईल, आणि जिवाणूंना अन्न मिळेल. कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होते. वाढवायला सोपी एखादी पाणवनस्पती, उदाहरणार्थ हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया, लावली तर तीही अमोनिया शोषते.

आठवड्यातून दोनदा टेस्ट किटने पाणी तपासा. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरतो आणि नायट्राइट चढते. शेवटी दोन्ही शून्यावर येतात आणि नायट्रेट दिसू लागते. त्या दिवशी टाकी तयार झाली. हे आकडे वहीत लिहून आलेख काढा. पुस्तकातले नायट्रोजन चक्र तुमच्या डोळ्यांसमोर घडलेले दिसेल.

किती आणि कोणते मासे?

जुना ढोबळ नियम असा : दर चार लिटर पाण्याला एक इंच मासा. हा नियम फक्त लहान आणि सडपातळ माशांना लागू आहे, आणि लांबी पूर्ण वाढलेल्या माशाची धरायची. ५० लिटरमध्ये सुमारे १२ इंच मासे बसतात.

माझी निवड झेब्रा डॅनिओ. चार सें.मी.चा, निळे-रुपेरी पट्टे असलेला हा मासा आपल्या उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याची नोंद केली. त्याची अंडी पारदर्शक असतात, त्यामुळे आतला जीव घडताना दिसतो. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत, आपल्या बेंगळुरूतल्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही, तो अभ्यासासाठी पाळतात. १९७६ साली सोव्हिएत संघाच्या साल्युत-५ स्थानकावर तो अंतराळातही जाऊन आला. १८ ते २४ अंशांत तो मजेत राहतो. एका माशाची लांबी दीड इंच धरली, तर आपल्या टाकीत आठ मासे बसतात. तो थव्याने राहणारा असल्यामुळे आधी सहा आणा, दोन-तीन आठवड्यांनी उरलेले दोन. टाकीवर झाकण हवेच, कारण तो उडी मारतो.

गोल्डफिश या टाकीत नको. तो १५-२० सें.मी. वाढतो आणि घाणही पुष्कळ करतो. गप्पी ठेवायचे तर फक्त नर ठेवा, नाहीतर दर महिन्याला पिल्ले मोजत बसावे लागेल. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा बोटभर सकर मासा एक फुटापेक्षाही मोठा होतो. तो तर नकोच.

मासे आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तिच्यात टाकीचे थोडे थोडे पाणी घाला. शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

रोजची ड्युटी

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. उपाशी राहून मेलेल्या माशांपेक्षा जास्त खाऊ घातल्याने मेलेले मासे अधिक. आठवड्यातून एकदा पाव भाग, म्हणजे साडेबारा लिटर पाणी बदलावे. स्पंज नळाखाली धुवू नये. टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नाहीतर सगळी ॲडव्हान्स पार्टी वाहून जाईल. मासे वर येऊन धापा टाकू लागले तर खाद्य बंद करा, एक तृतीयांश पाणी बदला आणि अमोनिया तपासा.

हाऊसमध्ये टाकी असेल तर ड्युटी रोस्टरवर एका वेळी एकाच कॅडेटचे नाव असावे. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, किंवा दिवसातून आठ वेळा खाद्य.

सुटी लागली की

दोन-चार दिवस मासे उपाशी राहू शकतात. लांब सुटीसाठी मात्र आधीच सोय ठरवा. कंटाळा आला किंवा मासे मोठे झाले, म्हणून ते जवळच्या तळ्यात सोडण्याचा मोह होतो. "त्यांना मोकळे केले," असे वाटते. पण घरांतून सोडलेला सकर आज उजनी धरणापर्यंत पोहोचला आहे. तिथे तो मच्छीमारांची जाळी फाडतो आणि इथल्या माशांच्या वाट्याचे खातो. आपल्याकडे घुसलेला आफ्रिकन मागूर तर इतका खादाड, की त्याच्या पालनावर सरकारला बंदी घालावी लागली. एका टाकीवरची दया तळ्यातल्या हजारो माशांच्या जिवावर उठते. नको असलेले मासे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवा.

पालकांना एक विनंती. वाढदिवसाला टाकी आणि मासे एकाच दिवशी देऊ नका. वाढदिवसाला रिकामी टाकी द्या, आणि आकडे वहीत शून्यावर आले की मासे. त्या सहा आठवड्यांत मुलगा जे शिकेल, ते मासे आल्यावर त्याला शिकवता येणार नाही.

माझ्या पहिल्या टाकीतला तो एकटा गोल्डफिश मी मोठ्या हौदाच्या मालकाकडे सोपवला. टाकी रिकामीच चालू ठेवली. सातव्या आठवड्यात सहा झेब्रा आणले. पुढच्या रविवारी मोजले, तेव्हा सहाच्या सहा होते.

स्वाध्याय

१. ४५ × ३० × ३० सें.मी. टाकीत ४ सें.मी. खडी आणि वर ३ सें.मी. मोकळी जागा आहे. पाणी किती लिटर? त्यात किती झेब्रा डॅनिओ बसतील?

२. फिल्टरचा स्पंज नळाच्या पाण्याने धुतला, तर तीन दिवसांनी अमोनियाच्या आकड्याचे काय होईल? का?

३. तुमच्या गावाजवळच्या तळ्यात किंवा नदीत पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळतात, हे सुटीत आजी-आजोबांना विचारून एक पान लिहा.